ताबोचा रस्ता आणि एक पिवळं कार्ड

विहाराच्या वार्षिक अंकासाठी प्रवासाबद्दल दोन-चार पानं द्या, असं मंडळाने सांगितलं तेव्हा मी लगेच हो म्हणालो आणि मग तीन आठवडे टाळत राहिलो. टाळणं मला चांगलं जमतं. आपल्या वस्तीतून ताबोपर्यंत जाऊन आलेले आम्हीच पहिले, त्यामुळे रविवारी बुद्धवंदनेनंतर सगळे विचारतात: रस्ता कसा आहे, थंडी किती, मुलांना नेता येतं का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत. तिसऱ्याचं खरं उत्तर द्यायचं तर मला घरातल्या कपाटापासून सुरुवात करावी लागेल.

रायपूर

ताबो म्हणजे हिमाचलात, स्पितीच्या खोऱ्यात, सव्वातीन हजार मीटरवरचा हजार वर्षांचा मातीचा बौद्ध मठ. मातीचा म्हणजे अगदी मातीचा, आपल्या गावाकडच्या घरांच्या भिंती असतात तसा. माझ्या मुलीने, प्रज्ञाने, सातवीत त्याच्यावर शाळेचा प्रकल्प केला होता. थर्माकोलची भिंत, तिला खरी छुही, म्हणजे घरं सारवायची पांढरी माती फासलेली. तेव्हापासून तिचं एकच: "पापा, ताबो कब?" आमची मुलं मराठी समजतात, उत्तर हिंदीत देतात. रायपुरात हे घरोघरी आहे.

पहिल्या उन्हाळ्यात मी म्हणालो, धाकटा निशांत लहान आहे. दुसऱ्या उन्हाळ्यात म्हणालो, नव्या राजधानीत आमचं ऑफिस हलून राहिलं, सुट्टी मिळत नाही. ऑफिस कधीच हलून झालं होतं. तिसऱ्या वर्षी तिची दहावी होती. नव्वदच्या वर आण, मग बघू, असं म्हणालो. तिने आणले. निकालाच्या दिवशी पेढा माझ्या तोंडात कोंबत म्हणाली, "अब बहाना सोचो, पापा." सगळे हसले. मीही हसलो, आणि खरंच बहाणा शोधू लागलो.

आता कपाटाचं सांगतो. प्रज्ञा आठवीत असताना तिच्या शाळेत सिकल सेलच्या तपासणीचं शिबिर झालं. आपल्या विदर्भ-छत्तीसगढच्या माणसांना हा आजार समजावून सांगायला नको. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अंग दुखतं, मुलं खंगतात. ज्याच्यात त्याचा अर्धाच वाटा असतो तो वाहक. त्याला बहुधा काही होत नाही, पण तो पुढे देऊ शकतो. शिबिरातून प्रज्ञाचं पिवळं कार्ड आलं: वाहक. त्या दिवशी वंदना, माझी बायको, माहेरी गोंदियाला गेली होती. कार्ड माझ्या हातात पडलं. मी ते विम्याच्या फायलीत, सगळ्यात मागच्या प्लास्टिकच्या कव्हरात सरकवलं आणि सांगितलं की शाळेच्या तपासणीत सगळं ठीक निघालं.

लोक म्हणतील, लग्नाचा विचार केला असेल, बिचारा बाप. तेवढंच असतं तर बरं होतं. कार्ड बाहेर आलं असतं तर पहिला प्रश्न आला असता: कोणाकडून आलं? आणि ते मला माहीत होतं. माझा आतेभाऊ याच आजाराने गेला, तेव्हा नागपुरात आम्हा सगळ्या भावंडांची तपासणी झाली होती. मी वाहक. लग्नाच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. मुलगी बघायला गेलो तेव्हा वंदनाच्या वडिलांनी सरळ विचारलं होतं, "घरात सिकलचं कोणाले काही?" आई म्हणाली, नाही. मी पोह्यांच्या बशीकडे बघत राहिलो. आईवर ढकलत नाही. मी सत्तावीस वर्षांचा होतो, आणि आईचं बाकी काही ऐकत नव्हतो.

वंदनाही वाहक असती, आणि मुलांत दोघांचे अर्धे वाटे एकत्र आले असते तर? दोन्ही मुलांच्या वेळी हा प्रश्न मनात आला की मी उठून फिरायला जात असे.

तर नवा रायपूरच्या स्टाफ बसमध्ये, तेलीबांधा तलाव मागे पडला की मी मोबाईलवर वाचत बसायचो. उंचीवर हवा विरळ होते, तेव्हा वाहकांपैकी बहुतेकांना काही होत नाही. काहींच्या प्लीहेला, म्हणजे डाव्या बरगडीखालच्या त्या छोट्या अवयवाला, इजा होते. मी "बहुतेकांना" हा शब्द धरून ठेवला आणि शेवटी हो म्हणालो. निघायच्या आधी आम्ही चौघंही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "घर में किसी को साँस की, खून की कोई शिकायत?" प्रज्ञा बाजूच्या स्टुलावर पाय हलवत बसली होती.

"नहीं, सब ठीक है," मी म्हणालो.

कल्पा

मनालीकडून दोन दिवसांत वर पोचता येतं. मी हट्टाने शिमल्याकडचा लांबचा रस्ता धरला: रामपूर, कल्पा, नाको, मग ताबो. हळूहळू चढायचं, प्रत्येक मुक्कामी एक दिवस जास्त. वाचकांपैकी कोणी जाणार असेल तर याच रस्त्याने जा, हा सल्ला अगदी खरा आहे.

रायपूर सोडलं तेव्हा डांबर वितळत होतं. कल्प्याला सकाळी दार उघडलं तर समोर बर्फाचे डोंगर, इतके जवळ की निशांतने हात पुढे केला. घरमालकीण सिड्डू वाफवत होती, आत अक्रोडाचं सारण आणि वरून तुपाची धार. निशांतने एक खाऊन निकाल दिला, "फरा ही है. बस मोटा हो गया है." आपल्याकडे तांदळाचा फरा वाफवतात, त्याचा हा गव्हाचा भाऊ. घरमालकिणीला मी रायपूरची गरमी सांगितली, उन्हाळ्यात आम्ही रात्रीचा भात पाण्यात घालून सकाळी बासी खातो हेही सांगितलं. ती हळहळली. "इतनी गरमी में आदमी रहता कैसे है, भैया?" शून्याखाली वीस अंशांत हिवाळा काढणारी बाई माझी कीव करत होती!

माझं मन मात्र कशातच लागत नव्हतं. घड्याळात दर तासाचा गजर लावला होता. गजर झाला की पाणी. सगळ्यांनी, आणि प्रज्ञाने दुप्पट. निशांत त्याला "पानी की घंटी" म्हणायचा. शिवाय बोटाला लावायचं ते ऑक्सिजन मोजायचं यंत्र. ते मी दिवसातून सहा वेळा प्रज्ञाच्या बोटाला लावत होतो.

"पापा, मैं मोबाइल हूँ क्या? बार-बार चार्जिंग देख रहे हो."

वंदना म्हणाली, "काहून एवढं पाणी पाणी करून राहिले तुम्ही? पोट्टी दर वळणावर गाडी थांबवते."

"उंचीवर लागतं."

"मंग निशूले नाही लागत? मले नाही लागत?"

मी यंत्र निशांतच्याही बोटाला लावलं. दिसायला बरं.

नाको

कल्प्यानंतर हिरवळ संपते. डोंगर कोरडे, राखेच्या रंगाचे, आणि रस्ता त्यांच्या पोटात कोरलेला. आमचा ड्रायव्हर नेगी, पन्नाशीचा किन्नौरी माणूस, पूर्ण वेळ गुणगुणत चालवायचा. फक्त दरड कोसळण्याच्या जागी गप्प व्हायचा. त्याचं गुणगुणणं थांबलं की आम्हीही गप्प.

नाको साडेतीन हजारांच्या वर. गावाच्या मधोमध एक तळं, काठाला विलोची झाडं. निशांत तेलीबांध्याच्या तुलनेवर आला. "इतना सा? और इसमें बोटिंग भी नहीं?" प्रज्ञा तळ्याला दोन फेऱ्या मारून आली आणि मी ओरडलो. विनाकारण, लोकांसमोर. तिला सवय आहे. आठवी संपल्यावर मी तिचं खो-खो बंद केलं होतं. शाळेच्या संघात होती, झकास पळायची. मी सांगितलं, आता अभ्यास. मग सांगितलं, मोठ्या मुलीने चड्डी घालून मैदानात पळणं बरं दिसत नाही. हे दुसरं कारण माझ्या तोंडी शोभत नव्हतं, आपल्या समाजात मुलींना असं कोणी अडवत नाही. वंदना तेव्हा चार दिवस भांडली. पण कारण जितकं वाईट तितकं ते खरं वाटतं, हे मी तेव्हा शिकलो.

त्या दुपारी माझ्याच डाव्या कुशीत दुखायला लागलं होतं. बारीक, आत कोणी बोट दाबून धरल्यासारखं. मी गॅसची गोळी घेतली.

आणखी एक कबुली इथलीच आहे. ताबोनंतर आम्ही 'की' नावाच्या गोंपाला, म्हणजे मठाला, जाणार होतो, तो चार हजारांच्या वर. प्रज्ञाच्या यादीत सगळ्यात वर तोच होता. तळ्याच्या काठी मी नेगीला बाजूला घेतलं.

"नेगीजी, परसों बच्चों को बोल देना, आगे रास्ता बंद है."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "बंद तो नहीं है, सर."

"पता है. फिर भी."

"सर, इस रोड पे मैं रास्ते का झूठ नहीं बोलता. बोलो तो सच में बंद हो जाता है." मग म्हणाला, "आपको डर लगता है तो सीधा बोल दो ना बच्चों को. बच्चे समझते हैं."

मी म्हणालो, ठीक आहे, राहू द्या.

ताबो

ताबो दिसतं तेव्हा पहिल्यांदा कोणालाच काही वाटत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मातीच्या बुटक्या भिंती, मातीचे गोलसर स्तूप, मागे त्याच मातीचा डोंगर. निशांत म्हणाला, "पापा, ये तो बन ही रहा है अभी." आत जायला बुटकं दार. जोडे बाहेर. कॅमेरा बाहेर. आत अंधार, आणि लोण्याच्या दिव्यांचा वास.

मग आत असलेल्या एका भिक्षूंनी टॉर्च लावली. चारी भिंतींवर, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, मातीच्या मूर्ती बसलेल्या. मूर्तींखाली चौथरा नाही, हवेतच बसल्यासारख्या. मागे भिंतभर चित्रं, निळा रंग अजून ओला वाटावा असा. आपल्या विहारातली मूर्ती संगमरवरी, स्वच्छ, ट्यूबलाइटच्या उजेडातली. इथे एकेक चेहरा अंधारातून घडीभर पुढे यायचा आणि परत जायचा. वंदनाने हात जोडून हळू आवाजात त्रिशरण म्हटलं. भिक्षूंनी ऐकलं आणि तेही म्हणू लागले, त्यांचे उच्चार वेगळे, पण शब्द तेच. ती गोंदियाची पोरगी, हिमालयातला भिक्षू, आणि दोघं एकच ओळ म्हणत होते. प्रज्ञा एका मूर्तीसमोर इतका वेळ उभी होती की टॉर्च दुसरीकडे गेली तरी ती तिथेच होती.

भिक्षूंनी सांगितलं, छतावर बर्फ साचू देत नाही, ताबडतोब लोटतो. मातीला पाण्याची भीती. बाहेरून भिंत धड दिसते, ओल आत शिरते. मी मान हलवली आणि बाहेर आलो, कारण उभं राहवत नव्हतं.

अंगणात मी स्तूपाच्या आडोशाला वाकून बसलो. कुशीत आता बोट नव्हतं, सळई होती. मुलं समोरच्या डोंगरातल्या गुहा बघायला धावली. पूर्वी भिक्षू तिथे हिवाळ्यात ध्यानाला बसत. वंदनाने मला ओकताना पाहिलं आणि नेगीला हाक मारली.

सरकारी दवाखाना जवळच. तरुण डॉक्टर बाई, जाड स्वेटर, हात गरम पाण्याच्या थर्मासवर. त्यांनी माझं पोट दाबलं, डावीकडे दाबताच मी ओरडलो.

"कहाँ से आए हैं?"

"रायपुर. छत्तीसगढ."

त्यांचा हात थांबला. "सिकल का टेस्ट हुआ है कभी?"

"नहीं," मी म्हणालो. अजूनही.

"सोच के बोलिए. आपकी तरफ़ के लोगों को ऊपर आकर यहाँ दर्द हो, तो मैं पहले यही पूछती हूँ."

वंदना पुढे आली. माझ्या खांद्यावर हात ठेवून, अगदी ठासून म्हणाली, "नहीं मैडम. इनके घर में किसी को नहीं है. शादी के टाइम मेरे पिताजी ने पूछा था."

सतरा वर्षांपूर्वीचा माझा खोटेपणा ती खरा म्हणून शपथेवर सांगत होती. मला तिचा हात खांद्यावर सहन होईना.

"आहे," मी म्हणालो. डॉक्टरना नाही, तिला. "मी वाहक आहे. लग्नाच्या आधीपासून माहीत आहे. आणि प्रज्ञूलाही आहे. आठवीत कार्ड आलं होतं. मी लपवलं."

तिने हात काढला नाही. तो फक्त जड झाला. "काय आहे प्रज्ञूले?" असं तिने विचारलं, जसं भाजीचं काही विचारावं तसं.

डॉक्टरना मराठी येत नव्हती, पण त्यांना कळलं. "बच्ची भी? बच्ची कहाँ है?"

वंदनाने खिडकीकडे पाहिलं. समोरच्या डोंगरावर दोन ठिपके, एक लाल जॅकेट, एक निळं. लाल वर होतं, सगळ्यात वरच्या गुहेशी.

ती धावली. दवाखान्याच्या दारात काढलेले जोडे तिथेच राहिले. आपली सवय, कुठेही आत शिरताना आधी पाय मोकळे. मोज्यांनिशी ती त्या खडीवरून गेली. हाक मला आत ऐकू आली, "प्रज्ञाऽऽ! खाली ये!" आणि आईला असं ओरडताना बघून पोरीने तेच केलं जे कोणतीही पोरगी करेल. ती उतारावरून सुसाट पळत सुटली.

"पळू नको! अगं पळू नको, बाई!"

मी पलंगावर, नाकाला ऑक्सिजन. खिडकीतून लाल ठिपका मोठा होत होता. दगडावरून दगडावर, वळताना अंग आत झुकवून, खो-खोचा खांब वळतात तसं. दोन वर्षं मी तिला पळताना पाहिलं नव्हतं. ती विसरली नव्हती.

आत आली तेव्हा धापत होती, गाल लाल. डॉक्टरनी तिला बसवलं, तपासलं, परत तपासलं. तिला काही झालं नव्हतं. "पानी अच्छा पिया है इसने," त्या म्हणाल्या. ते एकच कौतुक त्या दिवशी माझ्या वाट्याला आलं, आणि तेही मी कोणाला सांगू शकत नव्हतो.

"क्या हुआ पापा को? मम्मी रो क्यों रही है?"

मी सांगितलं. सगळं, कार्डापासून पोह्यांच्या बशीपर्यंत. निशांतला नेगी बाहेर बिस्किटं देत होता. प्रज्ञा ऐकत राहिली. मला वाटलं आजाराचं विचारेल, लग्नाचं विचारेल.

"खो-खो इसके लिए छुड़वाया था?"

"हव," मी म्हणालो.

"मैं सोचती थी, आपको मैं अच्छी नहीं लगती खेलते हुए." मग म्हणाली, "इतना ही तो बोलना था, पापा. इतना सा."

परत नाको

डॉक्टर म्हणाल्या, लगेच खाली उतरा, मोठ्या दवाखान्यात. पण या रस्त्याची गंमत अशी की ताबोहून उतरायचं तर आधी नाकोपर्यंत चढावं लागतं, मगच सतलजच्या काठी खाली जाता येतं. त्यांनी सिलिंडर सोबत दिला आणि नेगीला सांगितलं, चढणीवर थांबायचं नाही.

वंदना पुढे नेगीशेजारी बसली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा माझ्यापासून लांब बसली. मागे मी, प्रज्ञा, आणि तिच्या मांडीवर झोपलेला निशांत. नाकोच्या चढणीला गजर वाजला. मला तो बंद करायचं सुचलं नव्हतं.

"घंटी बजी. पियो," प्रज्ञाने बाटली माझ्या तोंडाला लावली. मग माझं बोट धरून त्याला यंत्र लावलं, आकडा पाहिला. "चार्जिंग कम है," ती म्हणाली. हसली नाही. पण बोट खाली उतरेपर्यंत सोडलं नाही.

नेगी सगळा वेळ गप्प होता. खाली नदी दिसली तेव्हा गुणगुणायला लागला.

रायपूर

माझ्या प्लीहेच्या इजेपायी खालच्या मोठ्या दवाखान्यात चार दिवस काढून आम्ही परत आलो. की गोंपा राहिला. परतल्याच्या आठवड्यात चौघांची तपासणी झाली. वंदना वाहक नाही, निशांतही नाही. यात माझी हुशारी काही नाही, नशीब म्हणायचं, आणि ते मी तिला न विचारता तिच्या जिवावर खेळलो होतो.

इथल्या डॉक्टरांनी प्रज्ञाला खेळायला परवानगी दिली: सकाळच्या थंडाव्यात, पाणी पिऊन, जोर हळूहळू वाढवत. ती आता तेलीबांधा तलावाला फेऱ्या मारते. मी बाटली घेऊन काठावर उभा असतो. पुरे म्हणायचा हक्क मला नाही, अशी अट आहे. पिवळं कार्ड तिच्या दप्तरात आहे. उंचीवर मात्र तिने जायचं नाही. तिने माझा ताबोतला फोटो अभ्यासाच्या टेबलावर लावला आहे, दारासमोरचा, आत तर फोटो काढता येत नाहीत.

तर मुलांना नेता येतं का? येतं. आधी रक्त तपासा. आपल्या माणसांनी तर नक्कीच. आणि जे निघेल ते त्या मुलाला सांगा. ताबो कुठे जात नाही.

हे छापायचं तर प्रज्ञाला विचारणं भाग होतं, कारण हा अंक आपल्यातल्या घराघरांत जातो, सोयरीक बघणाऱ्यांच्याही. मी म्हटलं, नाव बदलतो. ती बुटाची नाडी बांधत होती. "नाम मत बदलना. फिर से छुपाना है क्या?"

वंदनाने काल हे सगळं वाचलं. स्वयंपाकघरात, उभ्याने, चष्मा कपाळावर सरकवत. बोलणं तसं सुरू झालं आहे आमचं, मीठ, दूध, फी, इतपत. वाचून झाल्यावर कागद माझ्या हातात दिले.

"बराबर लिहिलं. माह्यं एक वाक्य टाका शेवटी."

"सांग."

"लग्नाच्या आधी मले सांगितलं असतं, तर मी हो म्हटलं असतं का नाही, हे मले आता कधीच कळणार नाही."

मी लिहून घेतलं. तिने एकदा वाचून पाहिलं, शब्द बरोबर आहेत ना म्हणून, आणि पोळ्या लाटायला गेली.